शक्तीच्या बाटलीचा तगादा

जून उजाडून बालवाड्या व अंगणवाड्या गजबजू लागल्या, की पंधरवड्याच्या आत आपणा सर्वांच्या दवाखान्यांत एक ठराविक फिर्याद दाखल होऊ लागते : मूल सारखे आजारी पडते, त्याची प्रतिकारशक्ती वाढेल असे काहीतरी लिहून द्या. फिर्यादी आई असते, तिच्या पाठीशी आजी असते आणि दोघींच्याही मागे, दृष्टीस न पडणारा परंतु सर्वांत मुखर असा, जाहिरातदार उभा असतो. आपण छाती तपासतो, वजन तक्त्याशी ताडून पाहतो, सारे यथास्थित असल्याची खात्री करून घेतो. आणि इतके झाल्यावर, बाहेर ताटकळणाऱ्या रांगेकडे नजर टाकून, चिठ्ठीवर एका गोड पातळ औषधाचे नाव लिहून प्रकरण निकालात काढतो. हा शिरस्ता मोडावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आईकडून नाळेवाटे मिळालेल्या प्रतिपिंडांची शिदोरी साधारणपणे सहाव्या महिन्याच्या सुमारास सरत येते, आणि तेथून पुढे प्रत्येक विषाणूशी मुलाच्या शरीरास स्वतःच परिचय करून घ्यावा लागतो. म्हणून चार मुलांत प्रथमच मिसळू लागलेल्या बालकास वर्षाकाठी सहा-आठ वेळा सर्दी-पडसे झाले, आणि मधल्या काळात ते खेळते, जेवते व वजनाने वाढते राहिले, तर त्यात औषधाने भरून काढावी अशी कोणतीही उणीव नसते. हे आईला समजावून सांगण्यास पाच मिनिटे लागतात. बाटलीचे नाव लिहिण्यास पाच सेकंद पुरतात, आणि सारी मेख तेथेच आहे.

याउलट ज्या गोष्टींचा उपयोग निःसंशय आहे, त्या इतक्या सामान्य आहेत की त्या सांगताना आपल्यालाच संकोच वाटतो. कराचीतील झोपडवस्त्यांत झालेल्या आणि २००५ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या घरांना साबण पुरवून हात धुण्याची सवय लावली, तेथील पाच वर्षांखालील मुलांत न्यूमोनियाचे प्रमाण इतर घरांच्या मानाने निम्मे आढळले. शिवाय साधा साबण आणि जंतुनाशक साबण यांच्या परिणामांत काही फरक पडला नाही. (हे दुसरे कलम जाहिरातदारांच्या वाचनात आले नसावे.) तथापि 'स्वच्छता राखा' एवढे मोघम फर्मान सोडून भागत नाही. शौचानंतर, स्वयंपाकास बसण्यापूर्वी आणि मुलास भरवण्यापूर्वी, असे प्रसंग नेमून द्यावे लागतात, आणि भरवणाऱ्या आजीचे हात त्या हुकुमाच्या कक्षेत येतात हेही, पुरेशा अदबीने, सांगावे लागते. बाळगुटीची सहाण आणि तिच्यावर पडणारे पाणी यांचीही विचारपूस याच ओघात व्हावी. आणि वर्षाच्या आतील मुलास मध चाटवू नये, ही गोष्ट मात्र आर्जवाने नव्हे तर निक्षून सांगावी.

आहाराबाबत आपली चौकशी बहुधा 'नीट जेवतो ना?' एवढ्यावर संपते. दिवसभर दूध आणि चहात बुडवलेले बिस्कीट यांवर पोसलेले मूल गुटगुटीत दिसते, पण त्याच्या रक्तात लोहाचा दुष्काळ असतो. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाची शंभरांपैकी ६७ मुले रक्तक्षयी आढळली. अशा मुलास लोहाचे औषध अवश्य द्यावे, कारण ते नेमक्या उणिवेवरचे औषध आहे. परंतु त्यासोबत चहा बंद करून वरणभातावर लिंबू पिळण्याची, आणि चालत असेल तेथे अंड्याची, तजवीजही चिठ्ठीवरच लिहावी.

निद्रेचा प्रश्न याहून नाजूक. तीन-चार वर्षांच्या मुलास दुपारची झोप धरून दहा ते तेरा तास निद्रा हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण शेवटच्या लोकलने वा दुसऱ्या पाळीवरून परतणाऱ्या बापाची वाट पाहत जे मूल मध्यरात्रीपर्यंत मोबाईलच्या उजेडात जागते, त्याच्या घराला केवळ वेळापत्रक सांगणे हे निष्ठुरपणाचे आहे. बापाची भेट सकाळी घडवून आणता येईल काय, एवढे विचारून पाहावे. कित्येक घरी ते जमते.

धूर, मग तो चुलीचा असो, विडीचा असो वा डासांच्या उदबत्तीचा, घराबाहेर राहिला पाहिजे, हे निराळे सांगणे नको. लसीकरणाच्या पत्रिकेची रुजवात मात्र प्रत्येक भेटीत व्हावी. गोवर शरीराने पूर्वी कमावलेल्या प्रतिकाराची स्मृतीच पुसून टाकतो, हे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले आहे. तेव्हा नऊ महिने पूर्ण होताच पहिली मात्रा आणि सोळा ते चोवीस महिन्यांदरम्यान दुसरी, ही मुदत टळू देणारा वैद्य बाटलीभर 'शक्ती' देऊन काय साधतो? आणि विषाणूजन्य सर्दीवर प्रतिजैविके लिहिण्याची जी सवय आपल्यापैकी अनेकांच्या लेखणीला जडली आहे, तिचा झाडा पालकांकडे नव्हे, आपल्याकडेच मागितला पाहिजे.

जेथे हा सारा उपदेश गैरलागू ठरतो, अशी थोडी मुले असतात. वर्षात दोनदा न्यूमोनिया, पुनःपुन्हा होणारी खोल गळवे, पहिल्या वाढदिवसानंतरही न हटणारी तोंडातील बुरशी, खुंटलेली वाढ, किंवा आधीच्या भावंडाचा तान्हेपणी संसर्गाने झालेला मृत्यू, यांपैकी काही आढळल्यास सवयींची चर्चा बाजूस ठेवून जन्मजात प्रतिकारदोषाचा संशय धरावा. त्याच्या निदानाची सोय मुंबईत परळ येथील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत आहे. आणि अशा घरात पुढील अपत्य जन्मल्यास, ही तपासणी होईपर्यंत त्याला बीसीजी टोचू नये.