माजी मुख्यमंत्री व माजी मंत्र्यांवरील खटल्यांना कालमर्यादा मिळावी यासाठी निवेदन

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : माजी लोकप्रतिनिधींवरील भ्रष्टाचाराच्या प्रकरणांत खटल्याची मंजुरी, खटले मागे घेणे आणि सुनावणीची माहिती याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे रायगड जिल्ह्याचे रहिवासी आहोत. आमच्यात सगळ्या पक्षांचे मतदार आहेत. माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अ. र. अंतुले यांच्याबद्दल आमचे एकमत होत नाही आणि पुढेही होईल असे वाटत नाही. जिल्ह्याचे कुलाबा हे नाव जाऊन रायगड आले ते त्यांच्याच कारकिर्दीत. संजय गांधी निराधार योजनाही त्याच काळातली, आणि त्या पगारावर जगलेली माणसे त्यांचे नाव आजही आदराने घेतात. सिमेंटचा विषय निघाला की मात्र त्याच ओटीवर आवाज चढतात. हे निवेदन त्यांना दोषी किंवा निर्दोष ठरवण्यासाठी नाही. त्यांच्या प्रकरणात राज्याने जे पाहिले, ते पुन्हा पाहावे लागू नये, एवढ्यासाठी आहे.

प्रकरण आपणास ठाऊकच आहे. सिमेंट नियंत्रणात होते, परवान्याशिवाय पोते मिळत नव्हते. अशा दिवसांत बिल्डरांना दिलेला कोटा आणि मुख्यमंत्र्यांशी संबंधित न्यासांना मिळालेल्या देणग्या यांचा संबंध 1981 मध्ये ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये अरुण शौरी यांनी मांडला. पी. बी. सामंत यांच्या याचिकेवर न्यायमूर्ती लेंटिन यांनी जानेवारी 1982 मध्ये निकाल दिला आणि अंतुले यांनी राजीनामा दिला. इथपर्यंतचा प्रवास काही महिन्यांचा. खरी रखडपट्टी पुढे सुरू झाली.

रामदास नायक यांच्या फिर्यादीवर राज्यपालांनी जुलै 1982 मध्ये काही मुद्द्यांपुरती मंजुरी दिली, बाकीच्यांना नाकारली. विशेष न्यायाधीशांनी 1983 मध्ये आरोपीला मुक्त केले : ते अजून आमदार आहेत, म्हणून लोकसेवक आहेत, म्हणून विधानसभेची मंजुरी हवी. फेब्रुवारी 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे अमान्य केले आणि खटला थेट मुंबई उच्च न्यायालयाकडे सोपवला. तिथे 1986 मध्ये 79 आरोप निश्चित झाले. एप्रिल 1988 मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवले की 1984 मध्ये खटला उच्च न्यायालयाकडे सोपवणेच कायद्याला धरून नव्हते. खटला पुन्हा विशेष न्यायाधीशांकडे. डिसेंबर 1991 मध्ये, म्हणजे आरोप होऊन दहा वर्षे उलटल्यावर, सर्वोच्च न्यायालयापुढे वाद होता तो खटला किती लांबू द्यावा याचाच. जलद सुनावणी हा मूलभूत हक्क आहे असे सांगणारा तो निकाल आज देशभर अंतुले यांच्याच नावाने उद्धृत होतो. त्याच निकालाने सरसकट कालमर्यादा ठरवायला मात्र नकार दिला. अंतुले दोषी ठरले नाहीत, पुढे केंद्रात दोनदा मंत्री झाले, 2014 मध्ये वारले. त्यांना मानणारे आणि न मानणारे दोघेही आपापल्या जागी आहेत, कारण दोघांना गप्प करील असा निकाल वेळेत आलाच नाही.

ही जुनी गोष्ट झाली असे आपले अधिकारी म्हणतील. जळगाव घरकुल प्रकरण जुने नाही. तत्कालीन महापालिका आयुक्तांनी फिर्याद दिली फेब्रुवारी 2006 मध्ये, माजी मंत्री सुरेश जैन यांना अटक झाली मार्च 2012 मध्ये आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 48 जणांना दोषी ठरवले 31 ऑगस्ट 2019 रोजी. शिक्षेविरुद्ध अपिले झाली, तेव्हा गुणदोषांवर आम्ही बोलत नाही. पण फिर्याद ते निकाल साडेतेरा वर्षे, आणि त्यातली पहिली सहा तर अटकेपर्यंतच गेली. तमिळनाडूत जयललिता यांच्यावरील बेहिशेबी मालमत्तेचे प्रकरण 1996 चे. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शेवटचा शब्द दिला 14 फेब्रुवारी 2017 रोजी, तेव्हा त्यांना जाऊन दोन महिने झाले होते.

आता मंजुरीबद्दल, कारण सरकारच्या हातात सर्वांत जास्त आहे ते हेच. आदर्श गृहनिर्माण सोसायटी प्रकरणात माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावर भारतीय दंड संहितेखालील खटल्याची मंजुरी राज्यपालांनी डिसेंबर 2013 मध्ये नाकारली. मधल्या काळात केंद्रातले आणि राज्यातले सरकार बदलले, राज्यपालही बदलले. फेब्रुवारी 2016 मध्ये नव्या राज्यपालांनी मंजुरी दिली. डिसेंबर 2017 मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण पहिला निर्णय फिरवावा असा नवा, टिकणारा पुरावा समोर आला नव्हता. श्री. चव्हाण यांच्या बाजूने पाहिले तरी ही प्रकरण उघड झाल्यापासून सात वर्षांची टांगती तलवार, आणि करदात्याच्या बाजूने पाहिले तरी सात वर्षांनी हाती काही नाही. सरकार बदलले की मंजुरीचे उत्तर बदलते, असा लोकांचा समज झाला असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. पक्ष बदलला की फाइल थंड होते, असेही लोक म्हणतात. नावे घेण्याची गरज नाही, चहाच्या टपरीवर ती सगळ्यांना पाठ आहेत.

शिवाय 2018 च्या दुरुस्तीने भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील पूर्वमंजुरीचे कवच पद सोडलेल्यांनाही मिळाले. ज्या पदाचा गैरवापर झाल्याचा आरोप आहे ते पद सुटल्यावर मंजुरी लागत नाही, असे 1984 च्या निकालाने सांगितले होते. तो मार्ग आता राहिला नाही. त्याच दुरुस्तीने निर्णयासाठी तीन महिने आणि कायदेशीर सल्ला लागल्यास आणखी एक महिना अशी मुदतही घातली. कवच आले, मग मुदतही पाळली गेली पाहिजे.

म्हणून आमची पहिली आणि मुख्य मागणी : माजी मंत्री व माजी आमदार यांच्याविरुद्ध मंजुरीसाठी आलेला प्रत्येक प्रस्ताव कोणत्या तारखेला आला, कोणाच्या टेबलावर आहे, चार महिने कधी संपतात, हे विधी व न्याय विभागाने दर तिमाहीस संकेतस्थळावर प्रसिद्ध करावे. मंजुरी नाकारल्यास कारणांसह आदेश निघावा. मंजुरी दिल्यासही कारणे द्यावीत, म्हणजे पुढे ती न्यायालयात टिकेल. एकदा झालेला निर्णय फेरविचारासाठी काढायचा असेल तर नवा पुरावा काय, हे त्याच आदेशात लिहिलेले असावे.

दुसरी मागणी खटले मागे घेण्याबाबत. आजी वा माजी खासदार-आमदारांवरील कोणताही खटला उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 10 ऑगस्ट 2021 रोजी बजावले आहे. राजकीय व सामाजिक आंदोलनांतील गुन्हे मागे घेण्यास आमचा सरसकट विरोध नाही. रस्ता रोखला म्हणून शेतकऱ्याने वर्षानुवर्षे तारखा कराव्यात असे आम्हाला वाटत नाही. पण त्या यादीत सार्वजनिक पैशाचे गुन्हे शिरता कामा नयेत, आणि खटले मागे घेण्याची शिफारस करणाऱ्या समितीने सुचवलेली यादी परवानगी मागण्याआधी लोकांसमोर यावी.

तिसरी : सर्वोच्च न्यायालयाच्या 9 नोव्हेंबर 2023 च्या आदेशाने खासदार-आमदारांवरील खटल्यांवर देखरेख ठेवण्याचे काम उच्च न्यायालयांकडे दिले आहे आणि जिल्हावार माहिती संकेतस्थळावर ठेवण्यास सांगितले आहे. त्यात सरकारचा वाटा म्हणजे सरकारी वकील, समन्स बजावणी, साक्षीदार हजर करणे आणि न्यायवैद्यक अहवाल वेळेवर देणे. सरकार बदलल्यावर चालू खटल्यातील विशेष सरकारी वकील बदलायचा असेल, तर त्याचे कारण न्यायालयात लेखी द्यावे.

शेवटची मागणी आरोपींच्या बाजूची आहे. निर्दोष सुटलेल्या माजी पदाधिकाऱ्याबाबत सरकार अपील करणार की नाही, हे मुदतीत जाहीर करावे. करणार नसेल तर तसे स्पष्ट लिहावे.

यांपैकी एकाही मागणीसाठी नवा कायदा लागत नाही, पहिली तर शासन निर्णयाने होऊ शकते. आमच्या प्रतिनिधींना भेटीची वेळ द्यावी आणि कोणती मागणी मान्य, कोणती अमान्य, हे लेखी कळवावे, ही विनंती.

आपले,
रायगड जिल्ह्यातील नागरिक
(सह्यांची पाने सोबत जोडली आहेत)

प्रत माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी :
मा. राज्यपाल, महाराष्ट्र राज्य
मा. विरोधी पक्षनेते, विधानसभा
मा. प्रधान सचिव, विधी व न्याय विभाग
मा. महानिबंधक, मुंबई उच्च न्यायालय