ड्राय-रम

"एवढ्याशा कामाला वेगळी लायब्ररी कशाला? गेटऑप्ट आहे की आयतं!" हॅस्केलवाल्या मित्रांचं हे ठरलेलं वाक्य. मीही कित्येकांना ऐकवलंय. आज ते जाहीरपणे मागे घेतोय.

घरच्या मंडळींसाठी: काही प्रोग्रामना बटणं नसतात, सूचना टाइप करून द्याव्या लागतात. त्या समजून घेणारा भाग म्हणजे पार्सर.

तर, फोटोंच्या फायलींना तारखेप्रमाणे नावं देणारा एक प्रोग्राम मी लिहिला होता. --ड्राय-रन म्हटलं की तो काय करणार ते नुसतं दाखवायचा. एका रात्री माझ्या हातून टाइप झालं --ड्राय-रम. (की-बोर्डवर एन आणि एम शेजारी असतात, हसू नका!) प्रोग्रामने मुकाट्याने चारशे फायलींची नावं बदलली. आत्याने दोन महिने खपून कुठल्या फोटोत कोण आहे ते त्या नावांत लिहिलं होतं. बॅकअप? विचारू नका.

गेटऑप्ट तीन गोष्टी हातात देतं: ओळखलेले पर्याय, उरलेले शब्द आणि चुकांची यादी. तिसऱ्या जागी मी आळसाने अंडरस्कोअर टाकला होता. कंपायलरने हूं की चूं केलं नाही. चूक माझीच. पण टाइपांच्या शिस्तीचा एवढा अभिमान मिरवायचा आणि नेमकं दारातच कुलूप लावायचं नाही, याला काय अर्थ आहे?

ऑप्टपार्स-ॲप्लिकेटिव्ह अनोळखी पर्याय दिसला की तिथेच थांबतं. आवश्यक पर्याय राहिला, आकड्याच्या जागी अक्षरं आली, तरी तेच. शिवाय त्यात एका पर्यायाची व्याख्या दुसऱ्याला मिळालेल्या उत्तरावर अवलंबून नसते. त्यामुळे पार्सर न चालवताच सगळे पर्याय कळतात. मदतीचा मजकूर आणि बॅशचं कम्प्लिशन त्याच व्याख्येतून निघतं.

तुम्ही म्हणाल, डिपेंडन्सी वाढते, टाइप चुकला की कंपायलरचे संदेश वाचताना घाम फुटतो. खरं आहे. पण तो घाम माझा असतो, आणि प्रोग्राम चालण्याआधी फुटतो. गेटऑप्टमध्ये वाचवलेल्या कष्टांची किंमत आत्याने मोजली.

परवा ती चष्मा लावून पुन्हा नावं सांगायला बसली. एका फोटोत मागच्या रांगेतला मुलगा कोण, ते आता तिलाही आठवत नाही.

असो. तुमच्या प्रोग्रामात तिसऱ्या जागी काय लिहिलंय, एकदा बघून घ्या.