ही गाणी मुलांना बिघडवतात का?

"डॉक्टर, हा दिवसभर किंचाळणारी गाणी ऐकतो, डोक्यावर परिणाम होईल का?" पालक विचारतात. लिंकिन पार्कचा २००० सालचा 'हायब्रिड थिअरी' मलाही आधी गोंगाटच वाटला होता. माइक शिनोडाचं रॅप आणि त्यावर चेस्टर बेनिंग्टनची किंकाळी. शब्द वाचले तेव्हा कळलं, हा माणूस दुखणं सांगतोय. लहानपणचा छळ, व्यसन, नैराश्य याबद्दल तो उघड बोलायचा. २०१७ मध्ये, ४१व्या वर्षी त्याने आत्महत्या केली.

गाण्यांमुळे नैराश्य येतं असं मला वाटत नाही. पण आधीच खचलेलं मूल त्यांत स्वतःला शोधत असेल. म्हणून हेडफोन हिसकावू नका (आवाज मात्र कमी करायला सांगा, कानांसाठी!). शेजारी बसून एक गाणं तुम्हीही ऐका. झोप उडाली असेल, जेवण, मित्र सुटले असतील, तर डॉक्टरांना भेटा किंवा टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.