मालाडच्या वाघाची गोष्ट

परवा समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनी एक गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन आल्या. मुलीने बारावीनंतर ॲनिमेशन आणि व्हीएफएक्स शिकायचे ठरविले आहे. फी लाखांत. पत्रकावर डरकाळी फोडणारा वाघ. "भाऊजी, तुम्ही वाचता-लिहिता. या धंद्यात पुढे काही आहे का हो?"

बोरिवली ते अंधेरी या पट्ट्यात हा प्रश्न आज अनेक घरांत विचारला जात असणार. मी वहिनींना दुसऱ्या एका वाघाची गोष्ट सांगितली. तो वाघ थोडासा आपल्या उपनगराचाच आहे.

आंग ली यांचा 'लाइफ ऑफ पाय' २०१२ साली आला. समुद्रात भरकटलेल्या होडीत एक मुलगा आणि रिचर्ड पार्कर नावाचा वाघ. मोजक्या दृश्यांत खरा वाघ आहे. बाकी सगळीकडे दिसतो तो संगणकावर घडविलेला. आधी हाडांचा सापळा, त्यावर स्नायू, त्यावर सैल हलणारी कातडी, मग असंख्य केस आणि ते भिजल्यावर अंगाला कसे चिकटतील याचे गणित. समुद्राचेही तेच. चित्रण तैवानमधल्या एका मोठ्या टाकीत झाले. क्षितिजापर्यंतच्या लाटा आणि आकाश मागाहून आले. हा वाघ 'ऱ्हिदम अँड ह्यूज' या कंपनीचा. मुख्यालय लॉस एंजेलिसला, पण एक शाखा आपल्या मालाडला, लिंक रोडलगतच्या माइंडस्पेसमध्ये, आणि दुसरी हैदराबादला. ज्या भागात एके काळी शहराचा कचरा टाकीत, तिथल्या काचेच्या इमारतीत बसून आपली मुले या चित्रपटावर काम करीत होती.

कंपनीचा जन्मच एका बुडालेल्या घरातून झाला. रॉबर्ट एबल यांचा हॉलिवूडमधला स्टुडिओ हा संगणकीय चित्रांच्या क्षेत्रातला आद्य म्हणावा असा. तो ओम्निबस या कॅनडातल्या कंपनीने विकत घेतला आणि १९८७ मध्ये कर्जाच्या ओझ्याखाली सारेच कोसळले. त्याच वर्षी जॉन ह्यूज आणि सहकाऱ्यांनी नवा संसार मांडला. (ह्यूज हे आडनावही आणि इंग्रजीत रंगछटाही, श्लेष आपल्याकडेच होतात असे नाही.) १९९३ मधली कोकाकोलाच्या जाहिरातीतली पांढरी अस्वले यांचीच. १९९५ च्या 'बेब'मध्ये डुकराच्या पिल्लाला बोलते केले, त्या कामाला ऑस्कर मिळाले. २००७ च्या 'द गोल्डन कंपास'ला दुसरे.

आणि तिसरे? २०१३ च्या फेब्रुवारीत कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. अमेरिकेतल्या सुमारे अडीचशे जणांची नोकरी गेली. २४ फेब्रुवारीला, म्हणजे काही दिवसांतच, 'लाइफ ऑफ पाय'ला दृश्यपरिणामांचे ऑस्कर जाहीर झाले. सभागृहाबाहेर शेकडो कारागीर निदर्शने करीत होते. व्यासपीठावर बिल वेस्टनहोफर यांनी कंपनीच्या अवस्थेचा विषय काढताच वेळ संपल्याचे संगीत वाजले आणि ध्वनिक्षेपक बंद झाला. सुमारे १२ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात ६० कोटींहून अधिक डॉलर मिळविले.

हे कसे होते? वहिनींना मी आपल्या सोसायटीच्या रंगकामाचे उदाहरण दिले. ठेकेदाराने ठोक रकमेत काम घेतले. मग कमिटीने रंग तीनदा बदलला, गच्चीचे काम चार महिने अडवून ठेवले आणि जादा पैसे मागताच "आपले ठरले होते" म्हणून हात झटकले. हॉलिवूडचे करार बव्हंशी असेच असतात. रक्कम आधी ठरते, बदल दिग्दर्शक सुचवितो, भुर्दंड स्टुडिओला. चित्रपट पुढे ढकलला तरी माणसांचे पगार चालूच. तिकीटविक्रीत मात्र त्याचा वाटा शून्य. त्यात कॅनडा, ब्रिटन अशी सरकारे करसवलती देऊन काम आपल्याकडे ओढतात. काम मालाडला आले तेही मुख्यतः इथले पगार कमी म्हणून. आपल्या मुलांचा हात चांगला होताच; पण निव्वळ स्वस्तपणावर आलेले काम उद्या दुसरीकडे जाते, किंवा यंत्राकडे. चित्रातली माणसे पार्श्वभूमीपासून चौकट-चौकट सोडविण्याचे जे किचकट काम नवशिक्यांना मिळते, ते करणारी एआयची साधने आजच आलेली आहेत.

कंपनी पुढे प्राणा स्टुडिओजशी संबंधित गटाने घेतली. या प्राणाचा मुंबईत मोठा स्टुडिओ होता. म्हणजे ठेका घेणारेच ठेका देणाऱ्याचे मालक झाले! पण कराराची रीत बदलली नाही. याच चित्रपटातले जहाज बुडण्याचे दृश्य करणारी एमपीसी ही कंपनी तिच्या टेक्निकलर या पालक कंपनीसह २०२५ च्या फेब्रुवारीत कोसळली. तेव्हा भारतात, मुख्यतः बंगळूरला आणि काही मुंबईत, हजारोंच्या नोकऱ्या एका झटक्यात गेल्या.

त्याच वर्षी केंद्र सरकारने मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू केली. सुरुवात पेडर रोडला, कायमची जागा गोरेगावच्या चित्रनगरीत नियोजित. स्वागतच आहे. मात्र तिथे वाघ रंगविण्याबरोबर करार वाचायलाही शिकवावे, आणि वाघ ज्याने घडविला त्याच्याकडे त्याचा काही हक्क कसा राहील, हा विषय अभ्यासक्रमात असावा. कुशल हात आपल्याकडे आहेतच. स्वतःच्या मालकीची पात्रे आणि कथा मात्र फार थोड्या.

वहिनी सारे ऐकून म्हणाल्या, "म्हणजे घालू नको?"

"घाला की," मी म्हणालो, "पण आधी एवढे विचारून या. गेल्या तीन वर्षांत इथून बाहेर पडलेली मुले आज कुठे आहेत, आणि पगारावर आहेत की कंत्राटावर."

त्यांनी पत्रक उलटे केले आणि वाघाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दोन्ही प्रश्न लिहून घेतले.