पाहुण्यांचा आराम तो धंदा, आणि आमचा आराम म्हणजे थेरं?

मंडळी, पोस्ट लांब आहे. पूर्ण वाचा, मग हवं तर भांडा.

फेब्रुवारीत मी आणि हे, दोघंच, फुकेतला जाऊन आलो. पाच रात्री. लग्नाला २६ वर्षं झाली. लग्नानंतर सप्तशृंगीला गेलो होतो, तेव्हा जीपमध्ये ११ जण होते. त्यामुळे दोघंच जाण्याची ही पहिलीच वेळ. समुद्रावरचे चार फोटो टाकले आणि सुरू झालं. "वहिनी, दोघंच? या वयात?" "सासूबाईंना कुठे टाकलं?" "दमणला समुद्र नाही का?" एका काकांनी तर संस्कारच काढले.

आता माझं ऐका.

शनिवार-रविवारी खानवेल-दुधनीचा रस्ता बघा. मुंबईच्या, सुरतच्या गाड्या, त्यात जोडपीच जोडपी. बोटीत बसतात, रिसॉर्टच्या पूलमध्ये डुंबतात, दुपारी ११ ला उठतात. त्यांना कोणी विचारतं का, "आईला कुठे ठेवलंत?" उलट आपण वाकून स्वागत करतो. सिल्वासातल्या कितीतरी घरांची चूल त्यांच्या आरामावर पेटते. त्यांनी केलं की पर्यटन, आम्ही केलं की थेरं. हा कुठला न्याय?

"सगळ्यांना घेऊन जायचं ना!" गेलोय की, दर वर्षी. फॅमिली ट्रिप म्हणजे काय ते बाईला विचारा. आदल्या रात्री १२ पर्यंत दशम्या, चटणी, मुलांच्या गोळ्या. तिथे गेल्यावर कोणाला चहा, कोणाला टॉवेल. घरचाच स्वयंपाक, फक्त गॅस दुसऱ्याचा. माझ्या सासूबाईंनी पंढरपूर, शेगाव, वणी सगळं पाहिलं, आणि प्रत्येक धर्मशाळेत स्टोव्ह त्यांनीच पेटवला. नणंद पाच दिवस राहायला आली, तेव्हा त्या स्वतःच म्हणाल्या, "जा गं. मला कोणी पाठवलं नाही."

सरकारच्याच २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत आहे: घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ९७. कारखान्यातल्या कामगाराला कायद्याने आठवड्याची सुट्टी मिळाली. घरातल्या बाईची सुट्टी कोणत्या कायद्यात आहे?

राहिलं दमण. दमण मलाही आवडतं. पण ३०-एक किलोमीटरवर गेलं की संध्याकाळी परत यायचंच असतं, आणि वाटेत वापीची आत्या फोन करते, "इतक्या जवळ आलात, जेवूनच जा." मुंबईहून फुकेत विमानाने जेमतेम पाच तास, पण तिथे आत्या नाही! आणि फेब्रुवारीच का? तर मे ते ऑक्टोबर तिकडे पावसाळी लाटा असतात, किनाऱ्यावर लाल झेंडे लागतात, पोहता येत नाही. हौस होती, पण चौकशी करून गेलो.

पैसा? माझी दोन वर्षांची भिशी आणि ह्यांचा बोनस. पुतण्याच्या साखरपुड्याला एका संध्याकाळी याहून जास्त उडाले, तेव्हा कोणी हिशोब मागितला नव्हता.

तिथे केलं काय? काही नाही. काटा बीचवर पडून राहिलो. नाश्ता दुसऱ्याने केला, ताट दुसऱ्याने उचललं. हे २२ वर्षं यार्नच्या प्लांटमध्ये शिफ्ट करतात. घरात कायम मोठ्याने बोलतात, मला वाटायचं स्वभावच तसा. तिसऱ्या दिवशी हळूच म्हणाले, "आज कानातली घरघर थांबल्यासारखी वाटते." कानात घरघर असते हे मला २६ वर्षांत माहीत नव्हतं. विचारायला वेळच कुठे होता? परत आल्यावर पहिलं काम, कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. आता सांगा काका, संस्कार कशात आहेत?

दर वर्षी २ ऑगस्टला आपण मुक्तिदिन साजरा करतो. १९५४ ला मुलूख मोकळा झाला. घरातली माणसं कधी मोकळी होणार?

फुकेतच पाहिजे असं नाही. परवडत नसेल तर खानवेलला दोन रात्री जा. पण दोघंच जा, आणि डबा नेऊ नका. आणि पुढच्या वेळी कुणा वहिनीचा समुद्रावरचा फोटो दिसला, तर एवढंच विचारा: "कसं वाटलं?"