फिशटँकसाठी घराचं दार उघडं?

"आमच्या माशांना कोण कशाला हॅक करेल?"

टाकीचा कंट्रोलर इंटरनेटला जोडायचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. भावोजी म्हणतात, मामा म्हणतो, आणि राउटर बसवायला येणारा पोरगा तर हसून म्हणतो. मग तोच पोरगा राउटरमध्ये एक पोर्ट उघडून देतो, नाहीतर जादा पैसे घेऊन स्टॅटिक आयपी गळ्यात मारतो आणि "आता जगात कुठूनही टाकी बघा" म्हणून निघून जातो. जगात कुठूनही आपण बघू शकतो, हे खरंच. पण जगातलं कुणीही आपल्या दाराशी येऊ शकतं, हे तो सांगत नाही. माझं भांडण याच्याशी आहे.

मंडळी, हौसेला माझा विरोध नाही. उलट "इंटरनेटला जोडूच नका" म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. भिवंडीच्या उन्हाळ्यात टाकी सांभाळणं काय असतं, ते सांभाळणाऱ्यालाच विचारा. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांना लिटरमागे साधारण ८.३ मिलीग्रॅम, ३२ अंशांना ७.३. त्यात वीज गेली, पंप थांबला आणि आपण लग्नाला नाशिकला असलो, तर मोबाइलवर टाकीचं तापमान दिसणं हा चोचला नाही. निदान शेजारच्या काकूंना फोन तरी करता येतो.

पण हा कंट्रोलर म्हणजे एक छोटा संगणकच हो! हीटर, पंप, दिवे, खाऊ टाकणारं यंत्र, सगळ्यांची बटणं त्याच्या हातात. रंजीब डे यांनी सुरू केलेलं रीफ-पाय हे मुक्त सॉफ्टवेअर घ्या. रास्पबेरी पायवर चालतं, छान आहे. त्याचं सुरुवातीचं युजरनेम रीफ-पाय आणि पासवर्डही रीफ-पाय. यात लपवाछपवी काही नाही, तो बदलायचं काम आपलं. न बदलता पोर्ट उघडलं, तर कुलपाला किल्ली लावूनच गावाला गेल्यासारखं झालं.

आता "कोण कशाला" याचं उत्तर. कुणी माणूस तुमची टाकी शोधत बसत नाही, प्रोग्रॅम शोधतात. इंटरनेटवर उघडी असलेली यंत्रं शोधून देणारं शोदान २००९ पासून चालू आहे. २०१६ साली मिराई नावाच्या प्रोग्रॅमने साठेक ठरावीक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या वापरून कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर लाखांनी ताब्यात घेतले. त्यांच्याच फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डिन या कंपनीवर हल्ला झाला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास अडखळले. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांनाही वाटलंच असेल, आमच्याकडे काय आहे चोरायला!

आणि खुद्द फिशटँकचंच उदाहरण हवं असेल तर तेही आहे. डार्कट्रेस या कंपनीने २०१७ साली सांगितलं की उत्तर अमेरिकेतल्या एका कॅसिनोत चोर शिरले ते इंटरनेटला जोडलेल्या फिशटँकमधून. तिथून सुमारे १० जीबी माहिती फिनलंडमधल्या एका यंत्राकडे गेली. माशांना कुणी हातही लावला नाही. टाकी ही फक्त वाट होती.

आपल्या भिवंडीत कॅसिनो नाही, पण खाली माग आणि वर बिऱ्हाड असलेली घरं आहेत. ज्या वायफायवर माशांची टाकी, त्याच वायफायवर टॅलीचा संगणक, जीएसटीची विवरणपत्रं, बँकेचे व्यवहार, कारागिरांच्या हजेऱ्या. शंभर रुपयांच्या गप्पीसाठी आपण धंद्याच्या वह्या रस्त्यावर मांडतोय!

मग करायचं काय? आधी राउटरमधलं ते पोर्ट बंद करा, यूपीएनपीही बंद करा. बाहेरून आत यायला वायरगार्डसारखं व्हीपीएन वापरा. ज्याच्याकडे चावी नाही त्याला ते उत्तरच देत नाही. बऱ्याच कंपन्या अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक पत्ता वाटतात, तिथे टेलस्केल वापरा. त्याला पोर्टही उघडावं लागत नाही, स्टॅटिक आयपीही लागत नाही. कंपनीचं अ‍ॅप वापरत असाल तर पासवर्ड वेगळा ठेवा आणि ओटीपीची सोय असेल तर ती चालू करा. कंट्रोलर पाहुण्यांच्या वायफायवर टाका आणि तिथून घरातली बाकी यंत्रं दिसत नाहीत ना, ते तपासा.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. माशांचा जीव पासवर्डवर टांगू नका. हीटरला स्वतंत्र थर्मोस्टॅट हवा, म्हणजे कंट्रोलरने कितीही आज्ञा केली तरी ठरावीक तापमानाला तो बंद होईल. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हवा. खाऊच्या यंत्रात चार दिवसांचाच खाऊ भरा. इंटरनेट बंद पडलं, कंट्रोलर बिघडला, कुणी आत शिरलं, तरी टाकी आपल्यापुरती चालली पाहिजे.

मामा, हे तुझ्यासाठीच लिहिलंय. दिवाळीत गावाला निघायच्या आधी त्या पोराला परत बोलाव आणि त्याने उघडलेलं पोर्ट त्याच्याच हातून बंद करून घे. तो हसला तर हसू दे.