परदेशी विद्यार्थ्याचे शनिवार-रविवार

पार्से गावातून परदेशी शिकावयास जाणे ही गोष्ट आता पूर्वीसारखी अपूर्वाईची राहिलेली नाही. मोपाच्या विमानतळावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली, आणि दूरदेशीची वाट आपल्याच पेडणे तालुक्यातून सुरू झाली. मुलगा निघाला की घरची माणसे फी, खोली, जेवण, थंडीचे कपडे या सर्वांची चौकशी करतात. आई हळूच विचारते, "रविवारची मिस्सा चुकणार नाही ना?" परंतु आठवड्याचे ते दोन मोकळे दिवस तो कसे घालवील, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. खोलीत निजून राहणे सोपे असते. फोनवर गावच्या मित्रांशी बोलत बसणे त्याहून सोपे. आमच्या मते नव्या देशात दोन दिवस डोळे उघडे ठेवून हिंडणे हाही शिक्षणाचाच भाग होय.

आपल्याकडील मुलांना लिस्बन शहर नावाने तरी परिचित असते, म्हणून त्याचेच उदाहरण घेऊ. शनिवारी सकाळी बेलें या भागात जावे. तेजो नदी येथे इतकी रुंद आहे की शापोऱ्याचे मुख पाहिलेल्या मुलालाही ती खाडीच वाटेल. पलीकडे थोड्याच अंतरावर समुद्र. याच काठावरून ८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामाची गलबते निघाली आणि पुढील वर्षी मे महिन्यात कालिकतला पोहोचली. त्यानंतर काही वर्षांनी राजा मानुएलने येथे जेरोनिमो संन्याशांसाठी भव्य मठ बांधावयास घेतला. बांधकाम शंभर वर्षांच्या आसपास चालले. त्याचा पैसा आला कोठून? आफ्रिका व पूर्वेकडील व्यापारावरील करातून, म्हणजे बऱ्याच अंशी मिऱ्यांतून! आपल्या आयांनी कढीत टाकलेल्या त्या काळ्या दाण्यांनी हे दगडी खांब उभे केले, असे म्हणावयास हरकत नाही. खांबांवर दोरखंड, पाने व समुद्रातील प्राणी कोरलेले आहेत. ते घाईने पाहू नयेत.

मठाच्या ख्रिस्तमंदिरात शिरताच वास्को द गामाची कबर लागते. त्याला मरण आले कोचीनला, २४ डिसेंबर १५२४ रोजी. अस्थी पुढे पोर्तुगालला नेल्या गेल्या व १८८० साली येथे आणल्या. कबर सुंदर आहे. तिच्यापुढे आपल्या मुलाने काय मनात आणावे? हा मनुष्य धाडसी दर्यावर्दी होता यात शंका नाही. पण १५०२ च्या सफरीत मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज त्याने बायकामुलांसह जाळले, हेही तितकेच खरे. त्याच्या शिडांवर क्रूस रंगविलेला होता म्हणून ते पाप लहान होत नाही. उलट ते अधिक बोचावे. ख्रिस्ती विद्यार्थ्याने ही गोष्ट कोणी हिणवून सांगेपर्यंत थांबू नये; ती त्याला आधीच ठाऊक असावी.

मठासमोर नदीकाठी १९६० साली उभारलेले दर्यावर्द्यांचे मोठे स्मारक आहे. राजे, कप्तान, नकाशे काढणारे अशा मूर्तींच्या रांगेत संत फ्रान्सिस झेवियरही आहे. ७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, तो लिस्बनहून निघाला. वाटेत मोझांबिकला मुक्काम पडला आणि गोव्यास पोहोचेपर्यंत ६ मे १५४२ उजाडला. तेरा महिने! आज तोच प्रवास दिवसभरात होतो, आणि तरीही आपली मुले थकल्याची तक्रार करतात. त्याच नदीवरून तोफाही आल्या आणि रोग्यांची सेवा करणारा हा संतही आला. दोघांची बेरीज करून एकच उत्तर काढण्याची घाई इतिहासाच्या बाबतीत करू नये.

पेडण्याच्या मुलाला हे जरा दुरून पाहता येते. तिसवाडी, बार्देस, साष्टी येथे पोर्तुगीज अंमल चार शतकांहून अधिक काळ राहिला. पेडणे मात्र सावंतवाडीकर भोसल्यांकडून १७८८ साली त्यांच्या हाती गेले व १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाले, म्हणजे एकूण १७३ वर्षे. तरीही लिस्बनच्या दुकानांत चावी, साबण, बटाटा, काजू, मेज हे आपलेच शब्द थोडेसे वाकड्या उच्चाराने ऐकू येतात, तेव्हा हसू आल्यावाचून राहत नाही. पावाला तर तेथे पावच म्हणतात, फक्त नाकातून.

भूक लागली की मठाजवळच्या दुकानातील अंड्याच्या पिवळ्या बलकाची गरम वडी खावी. १८३४ साली पोर्तुगालमधील मठ सरकारने बंद केले, आणि १८३७ पासून मठातील ही पाककृती बाहेर विकली जाऊ लागली. त्याच हुकुमाच्या लाटेत १८३५ साली गोव्यातील मठही ओस पडले. बेबिंका खाणाऱ्या माणसाला ही वडी परकी वाटणार नाही.

रविवारी प्रथम मिस्सा. जुन्या शहरात ११४७ साली आरंभ झालेले महामंदिर आहे आणि त्याच्या खाली चार पावलांवर संत अंतोनीचे देवालय. आपण त्याला पादुआचा म्हणतो. लिस्बनकरांना ते रुचत नाही, कारण त्याचा जन्म ११९५ च्या सुमारास येथेच झाला. जन्मस्थान म्हणून दाखवितात ती जागा तळघरात आहे. मिस्सा पोर्तुगीज भाषेत असते. व्हॅटिकन परिषदेपूर्वी, १९६० च्या दशकापर्यंत, लॅटिन मिस्सा सर्व जगात एकसारखी ऐकू येई. आजच्या मुलाला शब्द कळणार नाहीत, पण क्रम तोच असल्याने कोठे उठावे व कोठे गुडघे टेकावे हे पार्शाच्या मुलाला कोणी सांगावे लागत नाही.

मग कार्मोच्या मठाकडे चढून जावे. १७५५ साली १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक मिस्सेला जमले असताना भूकंप झाला. पाठोपाठ आग लागली, समुद्र चढून आला. कार्मोच्या मंदिराचे छप्पर कोसळले ते पुन्हा घातले गेलेच नाही. कमानी उभ्या आहेत आणि वर उघडे आकाश. देवाने आपल्याच भक्तांना त्या दिवशी का वाचविले नाही, हा प्रश्न तेव्हा साऱ्या युरोपने विचारला. तेथे उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यालाही तो पडेल. पडू द्यावा. घरी फोनवर त्याने तो विचारला, तर त्याची श्रद्धा गेली असे समजून आईने रडू नये.

फातिमा याच दोन दिवसांत कोंबण्याचा मोह पुष्कळांना होतो, तो टाळावा. बसने दीड तासाची वाट आहे, पण त्या स्थानाला स्वतंत्र शनिवार द्यावा. १९१७ साली जेथे तीन गुराखी मुलांना पवित्र मरियेचे दर्शन झाले, तेथे आज लहानसे प्रार्थनामंदिर आहे. पास्खापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत रात्री साडेनऊला तेथे जपमाळ सुरू होते व नंतर मेणबत्त्यांची मिरवणूक निघते. ती संपेपर्यंत राहावयाचे, तर परतीच्या बसची वेळ किंवा रात्रीच्या मुक्कामाची सोय लिस्बनहून निघण्यापूर्वीच पाहून ठेवावी.